आमच्या व्याह्यांची लबाडी

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. ठरवून, हसतमुखाने, आणि वर मारियामातेला पुढे करून फसवलं. अख्ख्या सिडनीत त्यांच्याइतका साळसूद दिसणारा आणि त्यांच्याइतका लबाड माणूस दुसरा सापडायचा नाही. हे मी उगाच म्हणत नाही. मी या देशात विद्यार्थी म्हणून आलो आणि शिकलो ते सगळं हॉटेलांच्या मोऱ्यांत भांडी घासत. तिथेच माझ्या लक्षात आलं की हॉटेल उघडणाऱ्याला नवी कोरी भट्टी हवी असते आणि हॉटेल बंद करणाऱ्याला तीच भट्टी कधी एकदा डोळ्यांसमोरून जाते असं झालेलं असतं. या दोघांच्या मधे जाऊन उभं राहायचं मी ठरवलं. जुने फ्रीझर, कणीक मळायची यंत्रं, तंदूर, चहाचे बंब, असलं सगळं विकत घ्यायचं, खोलून साफ करायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं. लेबनीज बेकरीवाले, चिनी खानावळवाले, पंजाबी ढाबेवाले, सगळ्यांशी मी भांडून भाव केलेत. समोरच्याने दुकानाची किल्ली मुठीत कशी धरलीय त्यावरून तो किती खाली उतरेल हे मी ओळखतो. मला कोणी गंडवू शकलेलं नाही. आणि ज्या गृहस्थाला कोथिंबिरीची जुडी धड भाव करून घेता येत नाही त्याने मला गंडवावं, हे माझ्या घशाखाली अजून उतरत नाही.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. वसईकडचेच, आमच्यासारखेच ख्रिस्ती. आयुष्यभर तिकडच्या एका बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे फलाटावर उभं राहून गाड्या सोडायचं काम. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. लेकीला बाळ झालं तेव्हा व्हिजिटर व्हिसावर कॅसल हिलला मुलाकडे आले. विमानतळावर त्यांना घ्यायला मी गेलो होतो. कडक इस्त्रीची पँट, बिनबाह्यांचा स्वेटर, चामडी चपला आणि त्यांत पांढरे मोजे. मला नमस्कार करायच्या आधी त्यांनी सामानाच्या पट्ट्याकडे बोट दाखवून विचारलं, "व्याहीबुवा, हा पट्टा मघाशी बंद का पडला होता?" जणू तो मीच पाडला होता.

बंद पडलेलं काहीही या माणसाला बघवत नाही. कोणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. ते थांबलेलं असेल तर यजमानांनी पाणी आणेपर्यंत हे खुर्चीवर चढलेले असतात. खिशात सेल बाळगतात, कारण कुठल्या घरात कुठलं घड्याळ मेलेलं असेल सांगता येत नाही. एकदा आम्ही एका ओळखीच्यांकडे मयताला गेलो होतो. प्रार्थना चाललेली, सगळ्यांच्या माना खाली, आणि अचानक डोक्यावर टिकटिक सुरू झाली. वर बघतो तर व्याही स्टुलावर. मी चिडून हाताने खाली उतरा म्हणून खुणावलं, तर मला कानात म्हणाले, "माणूस थांबला तेवढं पुरे झालं हो." त्या घरची म्हातारी नेमकं ते ऐकून रडायची थांबली आणि चक्क हसली. मी मात्र शरमेने बुटांकडे बघत बसलो.

बसस्टॉपवर तर त्यांना एकटं सोडायची सोय नव्हती. आमच्याकडे गिरावीनला आले की रोज फिरायला म्हणून निघायचे आणि स्टेशनजवळच्या स्टॉपवर ड्यूटी लावायचे. बस आली की आधी म्हाताऱ्यांना चढवायचं, मग बाबागाड्या, मग शाळेची पोरं, आणि सगळे चढले की बसच्या अंगावर तळहाताने दोनदा थाप मारून ओरडायचं, "चला, जाऊ द्या!" मला वाटलं, आता कोणीतरी पोलीस बोलावणार. पोलीस कसले! त्या मार्गावरचा पंजाबी ड्रायव्हर खिडकीतून मान काढून म्हणायला लागला, "अंकलजी, छुट्टी दो." थाप पडल्याशिवाय तो गाडीच हलवेना. एका गोऱ्या आजीने मला सांगितलं की तुमच्या कंपनीने फार चांगला माणूस नेमलाय. मी म्हटलं, "ही'ज नॉट फ्रॉम एनी कंपनी, ही'ज माय डॉटर्स फादर-इन-लॉ." ती म्हणाली, "नो वरीज, लव्ह, ही'ज डूइंग अ ग्रेट जॉब."

आणि भाव करण्याच्या बाबतीत त्यांच्यासारखा नतद्रष्ट माणूस मी पाहिला नाही. रविवारच्या जुन्या बाजारात नातवासाठी बाबागाडी घ्यायला आम्ही दोघे गेलो. विकणाऱ्याला मी शिस्तीत खाली आणत होतो. चाक हलतंय हे दाखवलं, कापड विटलंय हे दाखवलं, दोनदा निघून गेल्यासारखं केलं, आणि तो कबूल होणार एवढ्यात व्याही पुढे झाले, त्याने पहिल्यांदा सांगितला होता तो पूर्ण भाव त्याच्या हातावर ठेवला आणि वर "थँक्यू, गॉड ब्लेस" म्हणाले. परतीच्या वाटेवर मी गाडीचे गियर रागाने टाकत होतो. शेवटी तेच म्हणाले, "रागावू नका. त्या बिचाऱ्याचं पोर मोठं झालं असणार, म्हणून गाडी विकायला काढली. तिला पुन्हा कोणीतरी ढकलणार हे बघून त्याला किती बरं वाटलं, बघितलंत ना?" मी काहीही बघितलं नव्हतं. मी हलणारं चाक बघत होतो.

आता माझ्यावर काय प्रसंग आला होता ते सांगतो, म्हणजे त्यांची लबाडी कळेल. पॅरामॅटाजवळ माझं गोडाऊन होतं. तिथे फ्लॅट उठणार म्हणून मालकाने करार वाढवून दिला नाही. ठीक आहे, धंद्यात असं होतं. पण मी भेटायला मागितलं तर भेट नाही, फोन केला तर फोन नाही. जे काही आलं ते ईमेलने, आणि त्याखाली सही करणाऱ्या पोरीचं नाव दर वेळी वेगळं. मला सगळं आयुष्य भांडायला समोर माणूस मिळाला. पहिल्यांदाच असं झालं की मी हरलो आणि कोणाशी हरलो तेच कळलं नाही. उरलासुरला माल मी घराच्या गॅरेजमध्ये कोंबला, शटर ओढलं, आणि "दोन दिवस आराम करतो" म्हणून हॉलमधल्या खुर्चीत बसलो. ते बसलो ते बसलोच. पडदे ओढलेले, दाढी वाढलेली, टीव्हीवर लोक घरांचे लिलाव करताहेत आणि मी ते चादर पांघरून बघतोय. बाहेरचं गवत गुडघ्याला लागलं. गिरावीनच्या टोकाला एक छोटं युनिट, म्हणजे दुकानवजा गाळा, भाड्याने मिळत होतं, एजंट माझ्यासाठी थांबायला तयार होता. त्याचा फोन वाजला की मी तो उशीखाली ठेवायचो.

उपदेश करणाऱ्यांचा मात्र तोटा नव्हता. जावई आयटीतला, रोज मेट्रोत बसला की मला व्हिडिओ पाठवायचा. एक टक्कल पडलेला अमेरिकन सांगायचा की पहाटे उठा, थंड पाण्याने अंघोळ करा आणि आरशात स्वतःला शाबासकी द्या. डॉक्टरीणबाईंनी एक रंगीत कागद दिला, त्यावर चढत्या पायऱ्या आणि वर सूर्य. लेक म्हणायची, "पप्पा, जस्ट वन स्मॉल थिंग अ डे." मी म्हणायचो, "आज श्वास घेतला." बायको नर्स आहे, शिफ्ट करून यायची, भांडी बघायची, मला बघायची. आधी समजावलं, मग रडली, मग एके दिवशी बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "अहो, नाताळपर्यंत त्या गॅरेजचं काय ते करा. नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते. सगळं उचलून नेऊ दे एकदाचं." ही बोलते ते करते. म्हणजे आयुष्याची सगळी कमाई, माझी ती यंत्रं, वजनावर जाणार होती. आणि मला, खरं सांगतो, उठून "नाही" म्हणायचाही कंटाळा आला होता.

अशात व्याही आले. व्याह्यांसमोर कसं असायला हवं हे आपल्या माणसांना सांगायला नको. लेक दिलेली असते. मी धडपडून चादर काढली, बनियनवर शर्ट चढवला. ते समोर बसले. मी वाट बघत होतो की हेही आता काहीतरी सांगणार. ते चहा प्यायले, बंद पडद्यांकडे बघितलं, माझ्या दाढीकडे बघितलं, गॅरेजच्या दाराकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "विहीणबाई, चहा मस्त झालाय," आणि निघून गेले. मला वाटलं, चला, एक तरी शहाणा माणूस निघाला. इथेच माझी चूक झाली. धंद्यात सुद्धा जे गिऱ्हाईक वस्तूकडे नीट बघतं आणि भाव न विचारता निघून जातं, त्यालाच जपायचं असतं.

आमच्या वेस्टर्न सिडनीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा एक रिवाज आहे. ऑक्टोबर लागला की मारियामातेची एक मूर्ती, काचेच्या पेटीतली, घरोघर फिरते. ज्या घरी ती असेल तिथे रोज संध्याकाळी सगळे जमतात, मराठीतून माळ म्हणतात, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, गाणी होतात, मग उकडलेले चणे, खोबरं, चहा. थोड्या दिवसांनी त्या घरच्यांनी ती पुढच्या घरी पोचवायची. मात्र पुढच्या घरच्यांनी "आणा" म्हटल्याशिवाय न्यायची नाही. देवाच्या आईला कोणाच्या दारात ताटकळत ठेवायचं नसतं. तर व्याही येऊन गेल्यावर आमच्या प्रार्थना मंडळाच्या आग्नेसबाईंचा फोन आला. आवाज भरून आलेला. "तुमच्या व्याह्यांनी सांगितलं मला सगळं. तुम्ही स्वतः इच्छा बोलून दाखवलीत म्हणे. मला इतकं बरं वाटलं! उद्या संध्याकाळी आम्ही माता घेऊन येतोच." मी म्हटलं, "कसली इच्छा?" त्या म्हणाल्या, "किती तो विनय!" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पडदे उघडले. धूळ बघून माझी मलाच शिसारी आली. चादर धुतली, खुर्ची भिंतीला सरकवली, शेजाऱ्याचं यंत्र मागून गवत कापलं, कारण आग्नेसबाईंचे यजमान गवतावरून माणसाचं चारित्र्य ठरवतात. दाढी केली. संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत अख्खी वरात दारात. व्याही सर्वांत पुढे, पेटी छातीशी धरून, चेहरा असा की पुतळा कोणता ते कळू नये. मूर्ती टीव्हीच्या जागी ठेवली. टीव्ही कुठे ठेवायचा? "राहू दे की गॅरेजात," व्याही म्हणाले. तर पहिल्याच दिवशी माझं गॅरेजचं शटर वर गेलं. मला वाटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, काढू.

पण गर्दी रोज वाढायला लागली. व्याह्यांनी सगळीकडे सांगून ठेवलेलं की यांच्याकडचे चणे फार छान असतात. एवढ्या लोकांचे चणे घरच्या कुकरात कुठे शिजणार? मग गॅरेजमधून मोठं पातेलं काढावं लागलं. पातेल्याला शेगडी लागली. शेगडीचा एक बर्नर बंद होता, तो खोलावा लागला. चहाला बंब काढला तर नळ गळत होता. दुपारभर मी वॉशर शोधत माझ्याच मालात गुडघ्यावर रांगत होतो आणि या सगळ्यांना शिव्या घालत होतो. संध्याकाळी एक नवीन कॅफे काढणारा जोसेफ म्हणून पोरगेलासा गृहस्थ आला, चहा पिऊन बंबाभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "अंकल, हा विकणार का?" त्याने नाद सोडून द्यावा म्हणून मी वाटेल तो भाव सांगितला. तो म्हणाला, "ठीक आहे."

मला इतका संताप आला! "ठीक आहे? अरे, असा कसा ठीक आहे? नळ बघितलास? खालची पट्टी बघितलीस? आधी दोष काढ, मग मी चिडतो, मग तू निघून जा, मग मी हाक मारतो. काही रीतभात आहे की नाही?"

"सॉरी अंकल," तो म्हणाला. "मग... कमी करा?"

"का करू?"

"कारण... नळ गळतो?"

"नळ मी आजच बदललाय!"

माळेची वेळ झाली म्हणून बायका हॉलमधून हाका मारत होत्या आणि आम्ही दोघे गॅरेजमध्ये तावातावाने भांडत होतो. व्याही दारात उभे होते, हातात माळ, डोळे मिटलेले. प्रार्थना करत असावेत असं मला तेव्हा वाटलं.

ठरलेले दिवस संपले तशी मी मूर्ती पुढे न्यायची तयारी केली. पुढचं आणि यादीतलं शेवटचं घर कोणाचं, तर कॅसल हिलला व्याह्यांचंच. मी फोन केला. म्हणाले, "व्याहीबुवा, घराला रंग देणं चाललंय. वासात मातेला कसं बसवायचं?" ठीक. पुन्हा केला. बाळाला दात येताहेत, रडतंय, माळेत व्यत्यय येईल. पुन्हा केला. शनिवार-रविवार मेट्रो बंद आहे, लोक येणार कसे? पुन्हा केला. म्हणाले, "मूर्तीचं तोंड पूर्वेला होईल अशी जागाच नाही हो घरात."

"आपल्यात पूर्व-पश्चिम कुठून आली?" मी ओरडलो.

"आपल्यात नाही, पण शेजारी तेलुगू आहेत. त्यांना वाईट वाटेल."

लेक सासऱ्यांना डॅडी म्हणते. तिला विचारलं तर ती म्हणाली, "डॅडींना विचार, पप्पा. आय ॲम स्टेइंग आउट ऑफ इट," आणि फोनमागे कोणीतरी हसलं. नोव्हेंबर लागला, तरी मूर्ती माझ्याकडेच. रोज संध्याकाळी माणसं, रोज चणे, रोज झाडलोट. एजंटचा फोनसुद्धा आता उशीखाली ठेवता येईना, कारण उशीवर बायकांच्या पर्सेस असायच्या. मंडळात बोललं जायला लागलं की मातेला हे घर सोडवत नाहीये. एका बाईंनी तर माझ्याकडे नवस बोलायची परवानगी मागितली.

मग एक दिवस माळ झाल्यावर आग्नेसबाई चण्याची वाटी घेऊन म्हणाल्या, "काल तुमच्या लेकीकडे गेले होते. बाळ काय गोड! चार दात आलेत, सारखं हसतंय. आणि घर किती नीटनेटकं, रंग जुनाच आहे पण भिंती कशा स्वच्छ." मी वाटी खाली ठेवली. माझ्या डोक्यात एकेक खिळा बसत गेला. रंग जुना. बाळ हसतंय. मी मागे वळून बायकोकडे बघितलं, तर ती एकाएकी सगळ्यांच्या वाट्या गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यूट बाहेर काढली. मागे उघडा हौदा असलेली माझी ती गाडी कित्येक महिने जागची हलली नव्हती. काचेची पेटी शेजारच्या सीटवर ठेवली, सीटबेल्ट लावला आणि कॅसल हिलला निघालो. वाटेभर मातेला मी माझी बाजू सांगत होतो. "तूच सांग, हे वागणं झालं? एका बसलेल्या माणसाला असं गंडवायचं? आणि तुझं नाव घेऊन?" एक जण लेन सोडून मधे घुसला, त्याला मी वसईची अस्सल शिवी दिली आणि लगेच शेजारी बघून म्हटलं, "माफ कर गं." सिग्नलला बाजूच्या गाडीतली पोरं खिडकीतून बघत होती. बघू देत.

दार व्याह्यांनीच उघडलं. खांद्यावर बाळ, पायात मोजे आणि चपला. मी पेटी हातात धरूनच सुरुवात केली. "रंग कुठाय? दाखवा रंग!"

"देणार होतो," ते म्हणाले. "मनासारखा मिळाला नाही."

"खोटं बोलता? हिच्यासमोर?"

"हिला सगळं माहीत आहे. रोज सांगत होतो की मी तिला." मग माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी बाहेर बघितलं. "गाडी तुम्ही स्वतः चालवत आणलीत?"

"मग काय उडत आलो?"

त्यांच्या मागे लेक येऊन उभी राहिलेली मला दिसली. तिने तोंडावर हात धरला होता आणि डोळे वाहत होते. मला आणखीच राग आला. व्याह्यांनी बाळ तिच्याकडे दिलं, माझ्या हातातून पेटी घेतली आणि अगदी हळू म्हणाले, "डेपोत असताना, व्याहीबुवा, काही ड्रायव्हर असे बसायचे. चहा संपलाय, वेळ झालीय, पण उठायचं नाव नाही. नवा होतो तेव्हा मी त्यांना ओरडायचो, समजावायचो. काही उपयोग नाही. मग मी ते सोडून दिलं. गाडीत माणसं बसवायला लागलो. बायाबापड्या, पोरं, टोपल्या, सगळे चढवायचे. गाडी भरली, लोक खिडकीतून बघायला लागले की तो मुकाट्याने येऊन चावी फिरवायचा. एकदाही हाक मारावी लागली नाही."

मी पेटी ठेवायला पूर्व दिशा कुठली ते विचारलं आणि पाणी न पिता निघालो. त्याच संतापात एजंटला फोन केला. भाड्यावरून त्याच्याशी असा भांडलो की तो म्हणाला, "मेट, आय थॉट यू वेअर डेड." नाताळच्या आधी गॅरेज रिकामं झालं, भंगारात नव्हे, युनिटमध्ये. जोसेफ आता माझ्याशी बरा भाव करतो, मी त्याला तयार केलाय. बायको पुन्हा माझ्यावर नेहमीच्या कारणांवरून ओरडते. सगळं ठीक चाललंय. पण फसवलं ते फसवलं.

फेब्रुवारीत व्याह्यांचा व्हिसा संपला. विमानतळावर मी त्यांना बरंच काही सुनवणार होतो, पण ते एका बंद पडलेल्या सरकत्या जिन्यापाशी थांबून अडलेल्या लोकांना वाट करून देत होते, तेवढ्यात आत जायची वेळ झाली. आता ते वसईला आहेत. घर मोठं, माणूस एकटा. पहिले काही आठवडे फोनवर बडबड असायची, मग कमी झाली. परवा लेकीने सांगितलं, "पप्पा, डॅडी बाहेरच पडत नाहीत. चर्चला पण जात नाहीत. शेजारची बाई डबा ठेवते, तो तसाच असतो." मी दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे दुपार असावी, पण खोलीत अंधार होता. इस्त्रीचा शर्ट नव्हता. मी म्हटलं, "काय हो, काय करताय?" तर म्हणाले, "काही नाही, जरा टेकलोय." मी म्हटलं, "केव्हापासून?" ते बोटांवर दिवस मोजायला लागले आणि मधेच थांबले. मागे भिंतीवर घड्याळ दिसत होतं, ते चालू होतं की नाही हे बघायला मी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, पण चित्र सारखं अडकत होतं.

तेव्हा आता स्पष्टच विचारतो, आणि चार लोकांसमोर विचारतो. व्याहीबुवा, मी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, कोणाचंही काही न बिघडवता बसलो होतो. मला तिथून उठवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? आणि दिला असेल, तर मला उठवून स्वतः तिकडे जाऊन बसायचा कोणी दिला? मी जूनचं तिकीट काढलंय. तोवर हे फोनवर नको, ईमेलवर तर नकोच. मी दारात येऊन उभा राहीन तेव्हा दार तुम्ही स्वतः उघडायचं आणि माझ्या तोंडावर याचं उत्तर द्यायचं.